बिनसांध्याची फरशी : वरचा थर पाहून भुलू नका, खालची जमीन पाहा

दुकान सजविताना आपण फळ्या, काउंटर, दिवे आणि नामफलक यांचा पुष्कळ विचार करतो. फरशीचा विचार सर्वांत शेवटी येतो, तोही खिशात उरलेल्या पैशांच्या हिशेबाने. परंतु गिऱ्हाइकाचा पाय आधी फरशीवर पडतो, माल तो नंतर पाहतो. घरातही तेच. भिंतीचा रंग दोन वर्षांनी बदलता येतो. फरशी मात्र एकदा केली की पंधरा-वीस वर्षे तिच्याशीच संसार करावा लागतो.

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईची शोरूम, हॉटेले व नवे फ्लॅट यांमध्ये एक वेगळी फरशी दिसू लागली आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच सलग पृष्ठभाग. टाइल्सची रेघ नाही, सांध्यात साचणारा काळा मळ नाही. आम्हा कापडवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर जोड नाही, शिवण नाही. या फरशीला मायक्रोसिमेंट म्हणतात. आता लहान शहरांतले व्यापारी बांधवही तिची चौकशी करू लागले आहेत. मी ही फरशी एकाच आठवड्यात दोन जागी करून घेतली. एका जागी ती आजही उत्तम आहे, दुसऱ्या जागी पहिल्याच पावसाळ्यात गेली. माल तोच, मिस्त्रीही तोच. मग फरक कशाचा पडला? वाचकांनी पैसे खर्च करण्यापूर्वी हे समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मायक्रोसिमेंट म्हणजे काय?

नावात सिमेंट असले तरी हा नेहमीचा कोबा नव्हे. अगदी बारीक दळलेले सिमेंट, दगडाची बारीक भुकटी, रंग आणि पॉलिमर नावाचे चिकट द्रव्य यांचे हे मिश्रण असते. ते थापीने पातळ थरांत ओढतात. प्रथम जमिनीला पकड देणारा प्रायमर, मग फायबरची जाळी, तिच्यावर जाड दाण्याचे दोन थर, त्यावर बारीक दाण्याचे दोन थर आणि शेवटी सीलर. सीलर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. प्रत्येक थर वाळला की पॉलिश पेपरने घासून पुढचा थर देतात. हे सर्व धरूनही जाडी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर भरते.

या जाडीतच तिचे गुण आणि दोष दोन्ही आहेत. ही फरशी म्हणजे जमिनीची कातडी आहे, हाड नव्हे. वजन पेलण्याचे काम खालच्या स्लॅबने किंवा कोब्यानेच करायचे असते.

सांधा का लागत नाही?

आपल्याकडे सिमेंटची घोटलेली जमीन नवी नाही. कोकणातल्या जुन्या घरांत तांबड्या ऑक्साइडचा घोटलेला कोबा अनेकांनी पाहिला असेल. शाळा, सरकारी कचेऱ्या व गोदामे यांमध्ये इंडियन पेटंट स्टोन म्हणजे आयपीएसची जमीन असते. तिची जाडी साधारण ४० मिलिमीटर असते आणि ती चौकोन पाडून ओततात. चौकोनांच्या मध्ये काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवितात. सिमेंट वाळताना आकसते. सलग मोठा कोबा ओतला तर तो आपल्या मर्जीने कोठेही फाटतो. पट्टी घातली की भेग त्या पट्टीशीच राहते.

मायक्रोसिमेंटचा थर पातळ असतो, खालच्या जमिनीला पक्का चिकटलेला असतो आणि पॉलिमरमुळे त्यात थोडी लवचीकता असते. म्हणून त्याला स्वतःचा सांधा लागत नाही. परंतु इमारतीच्या मूळ बांधकामात जो एक्सपान्शन जॉइंट सोडलेला असतो, तो वरही तसाच सोडावा लागतो. तो झाकून सलग फरशी करून देतो असे कोणी म्हणाले तर त्याच्यापासून दूर राहावे. इमारत उन्हा-थंडीने हलते, आणि ती हलली की बरोबर त्याच रेषेत वर भेग उमटते.

फायदा कोणता?

पहिला फायदा तोडफोड वाचण्याचा. जुन्या टाइल्स पक्क्या असतील तर त्या न काढता वरच काम होते. राडारोडा निघत नाही, दरवाजे खालून तासावे लागत नाहीत.

दुसरा फायदा वजनाचा. समजा वरच्या मजल्यावर ४०० चौरस फुटांची खोली आहे. नव्या टाइल्स आणि खालचा मसाला मिळून ५० मिलिमीटर जाडी धरली तर स्लॅबवर साडेतीन टनांहून अधिक बोजा येतो. मायक्रोसिमेंटची ३ मिलिमीटर जाडी धरली तर तो दोनशे-सव्वादोनशे किलोच्या आसपास राहतो. जुन्या इमारतीत ही बाब लहान नाही.

तिसरा फायदा साफसफाईचा. सांधेच नसल्याने मळ अडकत नाही. दवाखाने, ब्युटी पार्लर व कपड्यांची शोरूम यांना हे फार सोयीचे पडते. चौथा फायदा असा की जमीन, भिंत, पायऱ्या, एवढेच नव्हे तर काउंटरसुद्धा एकाच रंगात करता येतो.

रंगाबाबत मात्र एक मशवरा देतो. एकाच शेडचे कापड दोन लॉटमधून घेतले की उजेडात फरक दिसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. येथेही तसेच आहे. सर्व माल एकाच लॉटचा घ्यावा आणि पुढच्या डागडुजीसाठी थोडा कोरडा ठेवून द्यावा. शिवाय हे हाताचे काम आहे, थापीच्या फिरण्याने ढगासारख्या छटा येतातच. ज्याला कागदासारखा एकसारखा रंग हवा, त्याने या वाटेला जाऊ नये.

माझे दुकान आणि माझे घर

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारात शिरले, तेव्हा माझ्या दुकानात पुरुषभर पाणी होते. साड्या, ड्रेस मटेरियल, सुटिंगचे तागे सर्व चिखलात गेले. पुढचे दीड वर्ष उधारी फेडण्यात आणि नवा माल भरण्यात गेले. जमिनीवर जुनी मोझॅकची फरशी होती. तिचा रंग गेला होता, पुराचे डाग निघत नव्हते. २०२३ च्या फेब्रुवारीत, रमजानची खरेदी सुरू होण्यापूर्वी, दुकान नवे करावे असे ठरविले. त्याच सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या घरात व्हिट्रिफाइड टाइल्सचा हॉल होता, तोही करून घेण्याचे ठरले. ठेकेदार बाहेरगावचा होता. त्याने नमुना दाखविला, दर सांगितला आणि म्हणाला, "शेठ, काही तोडायला नको. आहे त्यावरच मारून देतो. आठ दिवसांत दुकान उघडा."

आठव्या दिवशी खरेच दुकान उघडले. राखाडी रंगाची सलग जमीन पाहून शेजारचे व्यापारी पाहायला आले. रमजान ईद झाली, लग्नसराई झाली. मला वाटले, पैसे सार्थकी लागले.

जुलैत पाऊस लागला आणि दाराजवळ हाताच्या पंजाएवढा फुगा आला. आठवड्यात असे सात-आठ फुगे झाले. गिऱ्हाइकाचा पाय पडला की ते फुटत आणि आतून पांढरी भुकटी निघे. ती भुकटी गादीवर, साड्यांवर बसू लागली. एका वृद्ध बाईंची चप्पल फुटलेल्या कडेत अडकली आणि त्या पडता पडता वाचल्या. त्या दिवशी मला खरी भीती वाटली. पैशांचे नुकसान भरून काढता येते. दुकानात आलेल्या माणसाचे हाड मोडले तर ते कसे भरून देणार?

ठेकेदाराला फोन केला. त्याने बिलाच्या मागची बाजू वाचायला सांगितली. तेथे बारीक अक्षरांत लिहिले होते की खालच्या जमिनीची आणि ओलीची जबाबदारी त्याची नाही. मी ते वाचलेच नव्हते. तीस वर्षे मी स्वतः बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापत आलो आहे. त्यामुळे त्याला काय बोलणार? चूक माझीही होती.

मग गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलाविले. त्यांनी थापीने एक फुगा उचलला, भुकटी बोटाने चोळून पाहिली आणि म्हणाले, "शेठ, वरचा माल खोटा नाही. ही खालून आलेली खार आहे. जमीन ओली आहे आणि तुम्ही तिच्यावर झाकण घातलंत."

बिघाड नेमका कसा झाला?

दुकान तळमजल्यावर आहे. जुन्या मोझॅकखाली मातीचा भराव, त्यावर पातळ कोबा, मध्ये ओल अडविणारा प्लास्टिकचा कागद नाही. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर चढते. मोझॅक ही सिमेंटची फरशी असल्याने ती ओल सांध्यांतून आणि अंगातून वाफेच्या रूपाने बाहेर सोडत असे. वर्षानुवर्षे ते कोणाच्या लक्षात आले नाही. आम्ही वर सीलर मारला आणि ही वाट बंद केली. कोंडलेली ओल क्षार घेऊन थराखाली साचली आणि तिने थर उचलला. काम फेब्रुवारीत झाले, तेव्हा जमीन हाताला अगदी कोरडी लागत होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मात्र खाली माती नव्हती, स्लॅब होता. टाइल्स पक्क्या होत्या, एकही पोकळ वाजत नव्हती. तेथली फरशी आजपर्यंत जशीच्या तशी आहे.

गणपतीच्या खरेदीला चाकरमानी येण्यापूर्वी, ऑगस्टमध्ये, मला दुकान पुन्हा बंद करावे लागले. मायक्रोसिमेंट काढले, मोझॅक फोडले, भराव ठोकून बसविला, त्यावर जाड प्लास्टिक कागद अंथरून नवा कोबा घातला आणि वर कोटा फरशी बसविली. त्या कोब्यावर मायक्रोसिमेंट पुन्हा करता आले असते, पण नवा कोबा किमान २८ दिवस सुकू द्यावा लागतो आणि तेवढे दिवस हातात नव्हते. शिवाय आमचा बाजार पुराचा आहे. चिखलातली वाळू सीलर घासून टाकते आणि पाणी कडेकडेने आत शिरते. पुराच्या गावात तळमजल्याला हा उपाय नव्हे, हे मी दोनदा पैसे मोजून शिकलो.

ओल कशी तपासावी?

उपाय सोपा आहे. दीड फूट लांब आणि दीड फूट रुंद असा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. किमान १६ तासांनी तो उचलून पाहावा. आतून दव धरले असेल किंवा खालची जमीन काळपट झाली असेल तर ओल आहे असे समजावे. खोलीच्या तीन-चार ठिकाणी, विशेषतः दाराजवळ आणि बाहेरच्या भिंतीलगत, ही परीक्षा करावी. उन्हाळ्यात जमीन कोरडी निघाली तर लगेच खूश होऊ नये. तळमजला असेल तर एक पावसाळा जाऊ द्यावा आणि तेव्हा पाहावे. ओल मोजण्याचे यंत्रही मिळते. चांगला ठेकेदार ते बरोबर आणतो आणि आकडा लिहून देतो.

दुसरी परीक्षा टाइल्सची. लाकडी दांड्याने प्रत्येक टाइल ठोकावी. पोकळ आवाज आला की ती काढून, खड्डा भरून, मगच पुढे जावे. आधीपासून भेग असेल तर ती का पडली हे आधी शोधावे. जाळीने बारीक भेग थोपते, पण खाली जमीन बसत असेल तर कोणतीही जाळी तिला रोखू शकत नाही.

कोठे करावे, कोठे करू नये

वरच्या मजल्यावरची घरे, कचेऱ्या, दवाखाने, कपड्यांची व चपलांची शोरूम, शिकवणीचे वर्ग यांना ही फरशी शोभते आणि टिकते. न्हाणीघरातही करतात, परंतु एक लक्षात ठेवावे : ही स्वतः वॉटरप्रूफिंग नव्हे. गळती थांबविण्याचे काम आधी वेगळे करावे लागते. ओल्या जागी सीलरमध्ये पाय न घसरण्याची भुकटी मिसळून घ्यावी. जेथे ऊन थेट पडते तेथे उन्हाने पिवळा न पडणारा सीलर मागावा.

गॅरेज, वर्कशॉप, लोखंडाचे दुकान, जेथे ड्रम व यंत्रे ओढली जातात अशी गोदामे आणि हॉटेलची भटारखाने यांनी मात्र या फरशीच्या नादी लागू नये. एवढ्या पातळ थराला तो मार सोसत नाही. तेथे जाड कोबा, कोटा किंवा कारखान्यांसाठी बनविलेले जाड लेपच बरे. कापडवाल्यांनीही सांभाळावे. गाठी जमिनीवरून ओढल्या की त्यांच्या लोखंडी पट्ट्यांचे ओरखडे उठतात. रबरी चाकांची गाडी ठेवावी.

दर विचारताना

चौरस फुटाचा दर विचारून दोन ठेकेदारांची तुलना करणे म्हणजे ताग्याचा पन्हा न विचारता मीटरचा भाव करणे होय. पुढील गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात :

१. जमिनीची तयारी, पोकळ टाइल्स काढणे आणि सांधे भरणे दरात धरले आहे काय?
२. जाळी सर्व क्षेत्रावर आहे की फक्त भेगांवर?
३. एकूण थर किती, त्यांत सीलरचे किती आणि सीलर कोणता?
४. भिंतीलगतची पट्टी आणि पायऱ्या वेगळ्या मोजणार काय?
५. दर जीएसटी धरून आहे की वगळून?
६. ओलीची तपासणी कोण करणार आणि बिघाड झाला तर जबाबदारी कोणाची?

सहाव्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळत नसेल तर विसार देऊ नये. शक्य असेल तर त्याच मिस्त्रीने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेले काम प्रत्यक्ष जाऊन पाहावे. नवे काम सर्वांचेच चांगले दिसते.

दुकान बंद राहिल्याचे दिवसही खर्चात धरावेत. काम साधारण आठवड्याचे असते. सीलर दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी हलके चालता येते, पण जड कपाटे ठेवायला आणि पाण्याने पुसायला आणखी आठवडाभर सबुरी धरावी. दमट हवेत वेळ वाढतो. म्हणून कोकणात हे काम दिवाळीनंतर, थंडीच्या दिवसांत काढावे.

रोजची निगा

फरशी टिकते ती सीलरच्या जोरावर. दारात जाड पायपुसणे ठेवावे, कारण वाळूचे कण सीलर घासतात. पुसायला सौम्य साबणाचे पाणी पुरते. ॲसिड आणि ब्लीच यांचा स्पर्शही नको. लिंबू, कोकम, चिंच, हळद, तेल सांडले तर लगेच पुसावे. कपाट-खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या टिकल्या लावाव्यात. वावर पाहून काही वर्षांनी सीलर नव्याने द्यावा लागतो. तो खर्च सुरुवातीलाच मनात धरावा. आणि कापडाचे रफू जसे न दिसणारे करता येते तसे येथे होत नाही. ठिगळ दिसते. ते नको असेल तर ती पूर्ण खोली पुन्हा करावी लागते.

हुन्नर शिकणाऱ्यांसाठी

शेवटी एक गोष्ट तरुणांसाठी. माझ्या कामाला मिस्त्री बाहेरगावाहून आणावे लागले, त्यांच्या राहण्या-जेवण्याचा खर्चही माझ्यावर पडला. वास्तविक कोबा घोटण्याचा हुन्नर आपल्या गावांत पूर्वीपासून आहे. गिलावा करणाऱ्या आणि फरशी बसविणाऱ्या मुलांचा हात थापीवर बसलेलाच असतो. माल बनविणाऱ्या कंपन्या कारागिरांना प्रशिक्षण देतात, त्याचा फायदा घ्यावा. भांडवल फार लागत नाही; चांगल्या थाप्या, मिश्रण ढवळण्याचे यंत्र आणि धूळ ओढून घेणारे घासण्याचे यंत्र एवढ्यावर सुरुवात होते. घासताना उडणारी बारीक धूळ फुफ्फुसाला घातक असते, म्हणून चांगला मास्क लावल्याशिवाय काम करू नये.

मात्र यंत्रांच्या आधी प्लास्टिकचा तो दीड फुटाचा तुकडा आणि चिकटपट्टी विकत घ्यावी. जमीन ओली निघाली तर गिऱ्हाइकाला सरळ सांगावे की येथे हे काम टिकणार नाही. त्या दिवशीची मजुरी हातची जाईल हे खरे. पण माझ्या ठेकेदाराने ते एक वाक्य मला सांगितले असते, तर दोन वर्षांत माझ्या बाजारातली आणखी पाच दुकाने मीच त्याच्याकडे पाठविली असती.